पिवळ्या सात ओळी

पडद्यावर माझं नाव पिवळं झालं आणि लॅबमध्ये कोणीतरी हसलं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला आहे. वेब पेजचं प्रॅक्टिकल चालू होतं. पानावरचा हवा तो भाग जावास्क्रिप्टने कसा निवडायचा, हे सर शिकवत होते. उदाहरणाला त्यांनी आमच्याच वर्गाची यादी घेतली होती. साठ नावं, साठ ओळी. प्रत्येक ओळीला आतून, वरून न दिसणारी, एक खूण लावलेली. ओपन, ओबीसी, एससी, एसटी. रोल नंबर होता, बॅच होती. सरांना हीच खूण का सुचली, मला माहीत नाही.

त्यांनी querySelectorAll लिहिलं, पुढे '.st'. म्हणजे ही खूण असलेल्या सगळ्या ओळी निवडा. मग पिवळा रंग. एंटर.

सात ओळी पिवळ्या झाल्या. पहिला भोये. पाचवी मी.

मागून एक जण म्हणाला, "सर, सरकारचे जावई सापडले."

दुसरा म्हणाला, "आणि ही कोण मग, सून?"

सर हसले नाहीत, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते हसले. थोडंसं. मग म्हणाले, "चला, सिंटॅक्सकडे लक्ष द्या."

मी पेठ तालुक्यातली. घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. भातकापणी झाली की आई-बाबा द्राक्षबागांत कामाला उतरतात. वर्गात मी फार बोलत नसे, कारण बोलले की आमच्याकडचा हेल निघतो. दीड वर्ष मी जे सांभाळलं, ते एका ओळीने उघडं केलं.

सरांनी विचारलं, "रंग काढून कोण दाखवतंय?"

मी उठले. कशी उठले, आजही सांगता येत नाही. मला फक्त माझं नाव पुसायचं होतं. बाकी सहा जण मनात नव्हते. या सगळ्यात मला लाज वाटते ती याचीच.

घाईत मी नुसतं querySelector लिहिलं, पुढचं All राहिलं. तसं लिहिलं की सापडलेली पहिली ओळ तेवढी निवडली जाते. भोयेचं नाव पांढरं झालं. माझं पिवळंच.

"जावई सुटला, सून अडकली," मागचा म्हणाला. लॅब हसली.

भोये शेवटच्या कॉम्प्युटरवर होता. तो माझ्याकडे बघत होता. मी आधी त्याला सोडवलं, असं त्याला वाटलं असावं. त्याने हळूच मान हलवली. आभार मानावेत तशी.

ती मान मला सहन झाली नाही.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी All. एकेक करत सातही ओळींचा रंग काढला.

सर म्हणाले, "गुड. बस."

मी बसले नाही. म्हणाले, "सर, खूणही काढते."

"काढ की. पान रिफ्रेश केलं की सगळं परत येणार."

ते खरं होतं. मी केलेला बदल त्या पडद्यापुरताच. मूळ फाईल सरांकडे.

"मग फाईलमधून काढा, सर."

कोणी हसलं नाही.

"अगं, उदाहरण आहे ते. मनाला काय लावून घेतेस? जर्नलमध्ये हेच उतरवायचंय. शुक्रवारी सही घे."

जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी प्रॅक्टिकल लिहिलं. यादी तीच, पण खूण बॅचची लावली. शुक्रवारी सरांनी पान बघितलं आणि "आउटपुट जुळत नाही" म्हणून जर्नल परत दिलं. माझ्यामागे भोये उभा होता. त्यानेही बॅच लिहिली होती. त्याचंही परत आलं.

ती खूण फाईलमधून काढावी म्हणून आता विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. आम्ही कोण, कुठले, हे त्याच्या पहिल्या ओळीत आम्हीच लिहिलं आहे. खाली दोन सह्या. उरलेल्या पाचांपैकी दोघांनी नको म्हटलं. तिघांना मी अजून विचारते आहे.

जर्नलच्या त्या पानावर सही नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बसू दिलं नाही तर पुढच्या वर्षी बसेन. '.st' मी लिहिलं ते रंग काढायला. सहीसाठी लिहिणार नाही.