बाबुलीचे तीन ठिपके

खण्ण! कितीतरी वर्षांमागचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. डिचोलीत ट्रकच्या गॅरेजवर मी पाटे बसवायचो. स्प्रिंगचा पाटा उचलायचा, हातोडीने ठोकायचा आणि ऐकायचं. खण्ण वाजला तर शाबूत. ठप्प वाजला तर आत चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. दिवसभर असं ठोकून ऐकणाऱ्या माणसांना पुढे सगळंच ठोकून बघायची सवय लागते. गॅरेजातले किस्से याच सवयीतून साठले. जुन्या नटबोल्टांसारखे ते कोपऱ्यात पडून राहतात, टाकवत मात्र नाहीत.

*

आमच्यात सगळ्यांत संशयी बाबुली. सावंतवाडीकडचा माणूस, खनिजाचा ट्रक चालवायचा. ट्रक गॅरेजला सोडताना प्रत्येक ड्रायव्हर आपल्या पार्टांवर पंचाने, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्याने, ठोकून खूण मारून जायचा. आम्ही ते बदलू नयेत म्हणून! बाबुलीची खूण तीन ठिपके. बॅटरी, जॅक, जेवणाचा डबा, सगळ्यावर तीन ठिपके.

एकदा गॅरेजचे मालक जयराम मेस्त्री वैतागून म्हणाले, "बाबुल्या, बायलेक तरी सोडली मरे?"

"तिका खूण कित्याक? तीच माझ्यार नजर ठेवता!"

*

ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. मराठी की कोकणी, यावरून एका घरातले भाऊ एकमेकांशी बोलेनात. एकदा रस्त्यावर झाड आडवं टाकून लोकांनी बाबुलीचा ट्रक अडवला.

"मराठी की कोकणी?"

बाबुलीला यात काहीतरी डाव दिसला. "आधी तुमी सांगा," तो म्हणाला.

जमावातला एक जण एक बोलला, दुसरा दुसरंच बोलला, आणि त्यांचंच जुंपलं! बाबुली हळूच ट्रक मागे घेऊन गॅरेजात येऊन बसला.

*

त्याच गडबडीत उशिरा का होईना, माझ्या मुलीला, सुमनला, अमेरिकेहून पत्र आलं. ती बारावी झाली होती. 'कम्युनिटी कॉलेज' नावाच्या एका लहान कॉलेजात तिला प्रवेश मिळत होता. दोन वर्षं तिथे कमी फीत शिकायचं आणि चांगले मार्क पडले तर मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं. डिग्री मोठ्या युनिव्हर्सिटीची.

जयराम मेस्त्रींनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे जुन्या इंजिनाला नवीन बॉनेट!"

"स्वस्त आसा म्हणजे डुप्लिकेटच आसतला," बाबुली म्हणाला.

सुमन म्हणाली, "काका, चारही वर्षं मोठ्या ठिकाणी काढायची तर बाबांना इब्रामपूरची सगळी बागायत विकावी लागेल. असं केलं तर अर्धी उरते. खर्चाला मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बशा धुवीन."

"घरात कधी धुतल्यास?" मेस्त्रींनी विचारलं.

"घरात कुणी पगार देतं?"

मला त्यातलं फारसं समजलं नाही. पण तिचा आवाज खण्ण वाजला.

*

बाबुलीला राहवेना. कॉलेजची खात्री करायला सुट्टी काढून तो बसने मुरगाव बंदरात गेला. तिथे खनिज न्यायला आलेल्या बोटीवरचा एक जपानी खलाशी त्याला भेटला. बाबुलीने सुमनच्या पुस्तकातल्या नकाशावर कॉलेजच्या गावावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो गाव खरोच आसा?" खलाशाने हसून मान हलवली.

बाबुलीला तेवढ्याने पटेना. त्याने विचारलं, "तू माझो सासरो?"

खलाशाने पुन्हा हसून मान हलवली!

"चवकशी फुकट गेली," बाबुली येऊन म्हणाला.

*

मी अर्धी बागायत विकली. वडिलांनी लावलेले काजू होते. पैसे बँकेत भरले, कारण व्हिसाच्या मुलाखतीत बँकेचं पत्र दाखवावं लागतं. नुसतं दाखवण्यापुरते इकडून तिकडून पैसे गोळा करणारे पुष्कळ, म्हणून मॅनेजरलाही संशय.

"हे पैसे काल आले. परवा कुठे होते?"

"झाडावर होते, साहेब."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. मी खरेदीखत काढून दाखवलं, तेव्हा ते पुन्हा उचललं.

*

मुंबईची मुलाखत चार दिवसांवर आली होती. व्हिसासाठी कॉलेजने पाठवलेला फॉर्म मी झेरॉक्स काढायला नेताना गॅरेजच्या बाकावर ठेवला आणि हात धुवायला गेलो. मागून आवाज आला. ठप्प. ठप्प. ठप्प.

फॉर्मच्या कोपऱ्यात तीन भोकं!

"थय कचेरीत कागद बदलल्यानी तर?" बाबुली पंच खिशात घालत म्हणाला. "आता बदलून दाखवू दे!"

नवीन फॉर्म यायला महिना लागला असता. बागायत तर विकून झालेली. मी आयुष्यात कुणावर ओरडलो नाही. त्या दिवशीही नाही. फक्त फॉर्म उचलला आणि घरी गेलो.

सुमन तोच फॉर्म घेऊन मुंबईला गेली. मी व्हिसाच्या कचेरीबाहेर फूटपाथवर उभा होतो. आत काय झालं ते तिने नंतर गॅरेजात सगळ्यांना सांगितलं.

काचेपलीकडच्या साहेबाने फॉर्म उजेडात धरला. "हे काय?"

"खूण आहे. तुम्ही फॉर्म बदलू नये म्हणून."

साहेब हसला नाही. "शिकून परत येशील कशावरून? सगळे येणार म्हणूनच सांगतात."

"ज्यांची ही खूण आहे ना," सुमन म्हणाली, "त्यांची वस्तू आजवर परत आली नाही असं झालेलं नाही."

दुपारी पासपोर्ट हातात आला, आत व्हिसा होता.

हे ऐकून गॅरेजातले सगळे बाबुलीकडे बघायला लागले. त्याने मान वर केली नाही. "शिक्को खरो मगे?" एवढंच विचारलं.

*

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी सुमन निघाली. डिचोलीच्या स्टँडवर म्हापशाची बस उभी होती. मी तिची पत्र्याची ट्रंक खाली ठेवली. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला बाबुलीचा ट्रक थांबला. तो उतरला तो दार सताड उघडं टाकून, किल्ली आतच ठेवून. असं त्याने कधी केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

तो सरळ ट्रंकेपाशी आला. खिशातून पंच काढला, हातोडी काढली आणि वाकला.

खण्ण. खण्ण. खण्ण.

"काका, ही ट्रंक माझी आहे!" सुमन म्हणाली.

बाबुलीने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, पंच खिशात टाकला आणि ट्रककडे चालू लागला.