सेन्सरवरची काजळी
न जळलेल्या पेट्रोलचा वास आला की मला वाशीमचा तो मेकॅनिक आठवतो. माझ्या गाडीतला इंजिनचा पिवळा दिवा विझत नव्हता. तपासणीच्या मशीनने धूर मोजणारा ऑक्सिजन सेन्सर खराब दाखवला, तरी त्याने तो खोलून पाहिला. टोक काळंकुट्ट होतं. “सर, हा मेला नाही, याले काजळी धरली. घर ते ऑफिस, एवढीच चालवून राह्यले ना तुमी? इंजिन गरमच नाही होत, मंग काजळी जळत नाही.” सेन्सर पुसून बसवताना त्याला बाजूच्या सीटवरचं कोरं प्लास्टिक दिसलं. “इथं कोणी बसतच नाही वाटते! गावाले न्या गाडी. दिवा नाही विझला, तर नवा टाकू.” ते प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नव्हतं, “राहू दे, खराब होईन,” म्हणाले होते. मला शिकवण्यासाठी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले बाबा त्या सीटवर एकदाच बसले. ते गेल्यापासून मी गावी, केनवडला फिरकलो नव्हतो. त्या रविवारी गेलो. घराच्या कुलपासमोर गाडी थांबवली तेव्हा दिवा विझलेला होता, आणि ते ज्याला सांगावं असं घरात कोणी नव्हतं. अजूनही महिन्यातून एकदा मी गाडी तिथवर नेऊन आणतो. प्लास्टिक काढलेलं नाही.