जॉबरकाका आणि काहीच न घडणारे भाग

टीव्हीवरचं संगीत चढायला लागलं की जॉबरकाका उठून टीव्ही बंद करायचे. मालिकेतली सून दाराआडून ऐकत असो, नाहीतर पोलीस जिना चढत असोत; ढोल बडवायला सुरुवात झाली की काका खुर्चीतून उठलेच म्हणून समजावं. मंगलकाकू करवादायच्या, "आवं, काय हुतंय ते तरी बघू द्या की!" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असे, "काय हुतंय? वाईटच हुणार. चांगलं हुणार असतं तर एवढा दंगा केला नसता."

कळंब्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिले. काकांची सगळी हयात इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली. माग बिघडला की दुरुस्त करणाऱ्याला तिकडे जॉबर म्हणतात. ते नाव त्यांना असं चिकटलं की दारावरच्या पाटीतही आडनावाच्या आधी तेच होतं. खडखडाटाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे "चहा घ्या" एवढं म्हणतानाही ते भांडायला उठल्यासारखे वाटायचे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आरंभ, संघर्ष, उत्कर्षबिंदू हे मी पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलं आहे. आणि घरी आल्यावर मला जपानी चित्रमालिका, म्हणजे अ‍ॅनिमे, बघायचं व्यसन आहे. त्यातही सूड, कटकारस्थानं, शेवटच्या मिनिटाला धक्का, असलं काही असल्याशिवाय माझं भागत नसे.

दोन वर्षांपूर्वी काकांचं हृदय फार अशक्त झाल्याचं निघालं. ऑपरेशन झेपणार नाही, जपून राहा, कशाचा धसका घेऊ नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. "किती दिस?" काकांनी तोंडावरच विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत बसले. घरी आल्यावर काका मला म्हणाले, "मास्तरीणबाई, किती ऱ्हायलंय म्हाईत न्हाय. पण हाय तेवढं धाकधुकीत घालवायचं न्हाय मला. सांजच्याला बघण्याजोगं काय असलं तर दावा."

झालं, माझी छाती फुगली. हृदयाच्या पेशंटला मी, डोकं बघा माझं, एक सूडकथा लावून दिली! त्यातल्या त्यात कमी रक्ताची निवडली, एवढीच अक्कल. खालच्या इंग्रजी ओळी मी मोठ्याने मराठीत सांगायची. चौथ्या भागात काकांनी विचारलं, "ह्ये पोरगं जेवलं कवा?"

"काका, त्याच्या बापाचा खून झालाय."

"व्हय की. पण तीन दिस झालं पळतंय. पाणी तरी प्यालंय का न्हाय?"

मला रागच आला. भाग नेमका तलवार उगारलेली असताना संपला. काकांचा हात छातीवर गेला होता. "उद्यावर टांगून ठेवत्यात," ते म्हणाले, "आन उद्या मी नसलो तर?" ते हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काहीशी चिडूनच एक मालिका लावली. दोन भाग बघून मी स्वतः ती कंटाळून सोडली होती. डोंगरातल्या एका लहानशा गावात चार मैत्रिणी राहतात, बस्स. एका भागात त्या छत्री घ्यायला जातात, दुकान बंद असतं, त्या परत येतात. "घ्या," मी म्हटलं, "ह्यात कुणी पळत नाही." काका डुलक्या काढतील म्हणून मी वाट बघत होते. ते पुढे सरकून बसले. एकीने चहाला आधण ठेवलं तसे म्हणाले, "बघ मंगल, पाणी उकळूस्तवर दमानं थांबलीया." त्या दिवसापासून रोज एक भाग. दुसरा लावू का म्हटलं, तर हात आडवा करायचे. "एक जेवण झाल्यावर लगीच दुसरं जेवतंय का कोण?"

पुढे माझा घसा बसला. ओळी सांगणार कोण? काका म्हणाले, "तुम्ही गप बसा, म्या सांगतो." आणि त्या चार जपानी पोरी थेट इचलकरंजीचं बोलायला लागल्या. "अगं बाई, भांडं उतर की, करपलं!" मी खालच्या ओळी वाचत होते, निम्म्याहून अधिक बरोबर होतं. सूडकथेत एक वाक्य हुकलं असतं तर सगळा डोलारा कोसळला असता. इथे अख्खा भाग त्यांच्या मनाने चालला आणि काही बिघडलं नाही. चौघींतली थोरली डावखुरी आहे, हेही त्यांनीच मला दाखवलं. पुढे काय होणार याच्या नादात मी समोरचं बघितलंच नव्हतं.

तरी मी मास्तरीण. घसा सुटल्यावर विचारलंच, "पण काका, ह्यात घडतं काय?"

"मास्तरीणबाई, आमच्या शेडात चोवीस माग. धागा तुटला, आडवा धागा न्हेणारा धोटा उडाला, की समदी पळत्यात, आराडत्यात. त्याची गोष्ट हुती, धा वर्सं सांगत्यात लोकं. पण कापड कवा हुतं? काय बी न घडता माग चालतोय तवा. माग नीट चालला की बातमी हुत न्हाय, कापड हुतं." मग म्हणाले, "जॉबरला हाक कवा येती, तर बिघडल्यावर. चालता माग निवांत बघत बसायचं नशिबात नव्हतं. आता बघतोय."

ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे माग चालते ठेवले, त्याला चालता माग बघायला हृदय बंद पडायची पाळी यावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं. पण त्यांचं म्हणणं मला पटलं, आजही पटतं. कथानकाची मालिका तुमचं समाधान उद्याकडे गहाण ठेवते, आणि शेवट कळला की आपण पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. जिच्यात काही घडत नाही, ती ज्या दिवशीचं त्या दिवशी हातात देते. हे मी आता वर्गात बेधडक सांगते. परीक्षेला मात्र उत्कर्षबिंदूच लिहा, असंही सांगते. पोरांचं नुकसान का करा?

त्या मालिकेच्या बारा भागांतले सात झाले होते. आठव्याच्या दिवशी दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावा उरकला, पाहुणे गेले, तशी मी खाली जाऊन बसले. मनात सलत होतं तेच तोंडातून गेलं, "काकू, काकांचे पाच भाग राहिले हो."

काकू चादरीच्या घड्या घालत होत्या. "ऱ्हायलं काय?" त्या म्हणाल्या. "रोजचं रोज बघून झालंतं की त्यांचं." एवढं बोलल्या आणि त्यांचा आवाज फुटला. मी उठून चादरीचं दुसरं टोक धरलं.

मग डोळे पुसून काकू टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या भागात कोण मरत न्हाय न्हवं?"

"नाही काकू."

"मग लाव. मी बी बसतो."