सूर धरणारा

आमच्या धंद्यात लग्नाला दोन सनया लागतात. एक गाणं वाजवते, दुसरी नुस्ता एकच सूर धरून बसते. गाणं माझा बाप वाजवायचा, सूर मी धरायचो. नाकानं दम घ्यायचा, गालात साठवायचा, पण सूर तुटू द्यायचा न्हाई. माझ्याकडं कोणी ढुंकून पाहायचं न्हाई, अन् मी मनातून जळायचो.

मंग जालन्यात एका कापूसवाल्या शेठच्या घरी लग्नाला सिकंदराबादचा बँड आल्ता. त्यात गोव्याचा एक मास्तर सॅक्सोफोन वाजवायचा. ते ऐकलं अन् माझं डोकंच फिरलं. ऐन लग्नसराईत बापाला टाकून मी त्याच्या मागं गेल्तो. तेव्हा काही वाटलं न्हाई, खोटं कशाला बोलू.

त्याच्याकडून सॅक्सोफोन शिकलो अन् बारा-तेरा वर्षं सिकंदराबादेत गोऱ्यांच्या क्लबात जॅझ वाजवला. जॅझ म्हंजे सवाल-जवाब. आपण थोडं वाजवायचं, थांबायचं, बिनघोर तोंडानं दम घ्यायचा. तोवर ट्रंपेटवाला जवाब देतो. माझी पाळी आली की नाचणारे थांबून ऐकायचे. मंग लढाई सरली, गोरे पांगले, क्लब ओस पडला. मी सॅक्सोफोनचा बाजा काखेत मारून घरी आलो.

घरी वाजवायला बसलो तर शेजारची काकू विचारती, म्हैस अडली काय? हसलो मी. पण वाजवून थांबलो की पुढं जवाबच येत नव्हता. सवयीनं वाट पाहायचो, मंग माझी मलाच लाज वाटायची. इतकं एकटं मला परमुलखातबी वाटलं नव्हतं.

बाप घरातच होता. त्यानं माझा बाजा बराबर ऐकला, अन् आपली सनई पुसत बसला. मी गेल्यावर त्यानं सूर धरायला दुसरा कोणी घेतलाच नव्हता. ते मला आता कळलं. त्याच्याजवळची तेवढी जागा परत मिळाली तरी बस, असं वाटून राह्यलं. परतूरच्या एका लग्नाला तो निघाला तेव्हा म्हणलं, "बा, सूर मी धरतो." त्यानं दुसरी सनई काढून दिली. तिची तोंडात धरून फुंकायची पत्ती ताजी होती. म्हंजे वापर नसताना तो ती बदलत आल्ता.

नवरदेव मांडवात आला, बापानं गाणं उचललं, मी सूर धरला. दोन मिनिटांत दम तुटला. इतकी वर्षं थांबायचीच सवय, गालात हवाच ठरंना. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. वऱ्हाडात कोणाच्या ध्यानातबी आलं नसंल. बापानं गाणं न थांबवता डोळ्यानं खुणावलं, ठेव खाली. सनई मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. तो एकटाच वाजवत होता, अन् काय वाजवलं म्हणून सांगू!

परतीच्या गाडीत मी म्हणलं, रोज मेहनत करतो, महिन्याभरात येतंय बघ. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. मला आता एकट्याची सवय झाली."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रोज मेहनत केली, सूर ठरायला लागला. पुढच्या लग्नाला तो मला न उठवताच निघून गेल्ता.