अंड्याला मासोळीचा वास

सक्करदऱ्याच्या गोपिकाबाईचं नाक म्हणजे नाकच! शेजारणीने भाजीला काय फोडणी दिली, ते ही आपल्या अंगणातून सांगे. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याच नाकाने तिला गोत्यात आणलं.

तिच्या पांढऱ्या कोंबड्या उन्हाने दाण्याला तोंड लावेनात. अंडी कमी झाली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खानं कमी झालं नं, मंग दान्यात जरासं तेल कालवा, बाई. थोड्या दान्यात ताकद भेटन त्यायले." कोणतं तेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. सावनेरकडच्या हिच्या माहेरी तेल म्हणजे जवसाचंच. आणखी विचारायचं काय? तिने तेच कालवलं. कोंबड्या खाऊ लागल्या, अंडी वाढली. बाई खूश!

मग अंड्यांना मासोळीचा वास येऊ लागला. गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. गोपिकाने इकडेतिकडे पाहिलं, तर कुंपणापलीकडे जयवंता, तलावातली मासोळी विकणारी. दोघींचं किती वर्षांचं मेतकूट! गोपिकाच्या बाळंतपणात शेकशेगडी केली ती जयवंतानेच. पण त्या दिवशी यातलं काही गोपिकाला आठवलं नाही. भर अंगणात ती ओरडली, "माह्या कोंबड्यायले मासोळीची घान तूच टाकून राहिली नं वं?"

जयवंता पाठ फिरवून घरात गेली. तेव्हापासून बोलणंच बंद.

गोपिकाने कुंपणाला गोणपाट ठोकलं. आता पलीकडून खवलंसुद्धा येईना, वास मात्र तसाच. आता तिला चैन पडेना. हा वास येतो तरी कुठून? खुराडं धुतलं, पाणी बदललं, दाणा हुंगला. शेवटी उरलं ते तेल. तिने चार कोंबड्या वेगळ्या कोंडून त्यांच्या दाण्यात भुईमुगाचं तेल कालवलं. काही दिवस जाऊ दिले आणि दोन्हीकडची अंडी उकडून, डोळे मिटून चाखली. जवसवाल्यांच्या अंड्याला मासोळी, भुईमूगवाल्यांच्या नाही! पुन्हा चाखलं. तेच. जिने जन्मात तलाव पाहिला नाही, त्या कोंबडीच्या पोटात जवसाची मासोळी होते, आता बोला! गोपिका एकटीच खुदकन हसली. आणि मग तिला जयवंता आठवली.

दोन्हीकडचं एकेक उकडलेलं अंडं घेऊन ती जयवंताच्या दारी गेली. जयवंता विळीवर मासोळी चिरत होती.

"चुकलं वं माह्यं. मासोळी नोयती, जवसाचं तेल होतं. मीच चारलं." आणि कसं शोधलं, तेही भडाभडा सांगून टाकलं.

जयवंताने हात धुतले, दोन्ही अंडी फोडून हुंगली. "अगे माय, खरंच वं!" तिलाही नवल वाटलंच. मग अंडी खाली ठेवून ती म्हणाली, "तेलाचा एवढा शोध लावला तुनं. मंग वास आला तवा पयले मीच काहून दिसली तुले?"

गोपिका दारातच उभी राहिली. जयवंताने तिला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.