हरेशशेटच्या पत्र्याच्या पाटल्या

हरेश रोह्याचा. दागिन्यांचं दुकान मात्र पेणच्या बाजारात. स्वतःच्या गावात का नाही टाकलं, असं विचारलं तर तो म्हणतो, "पेणला गिऱ्हाईक चांगलं." खरं कारण एवढंच की रोह्यात त्याला ओळखणारी माणसं फार.

माझं मोबाइलचं दुकान त्याच्या भिंतीला लागून. त्यामुळे सात वर्षं हा माणूस मला फुकट बघायला मिळतोय. दहावी नापास झाल्यावर त्याने ठाण्याकडे मुलामा चढवायच्या कारखान्यात काम केलं. पितळेवर सोन्याचा थर किती पातळ बसतो, हे त्याच्याइतकं पेणमध्ये कुणाला ठाऊक नसेल. आणि ठाऊक असून इतकं गप्प बसणंही कुणाला जमणार नाही.

हरेश खोटं बोलत नाही. हे तो दिवसातून दोनदा तरी सांगतो. "आपण देवाला मानणारी माणसं, लबाडी आपल्याला जमत नाय." मानायला हवं, कारण लबाडी तो तोंडाने करतच नाही. पितळेची पाटली तो सोनारासारखा चिमटीत धरतो, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवतो, आकडा स्थिर होईस्तोवर श्वास रोखतो. मग गुलाबी कागद, मग लाल डबी, मग डबी कपाळाला. कुणी विचारलंच, "सोनं हाय ना?" तर म्हणतो, "तुमच्या डोळ्यांसमोर हाय, मावशी." मावशी डोळे भरून बघते. पुढचं काम तीच करते.

गेल्या वैशाखात पुतळी नावाची बाई आली. खाडीकडच्या मिठागरात राबणारी. लेकाचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि व्याह्यांच्या देखत ती बोलून बसलेली, की हळदीला सुनेच्या हातात पाटल्या घालीन. अख्ख्या सोन्याच्या परवडणार नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण तिच्याकडच्या जुन्या बायका तांब्यावर सोन्याचा जाड पत्रा बसवलेल्या पाटल्या घालतात. मोडायला नेल्या तर सोनार पत्र्याचे पैसे देतो. तिला तशा हव्या होत्या.

"पत्र्याच्या हायत का रे, हरेशशेट?"

हरेशने पाटल्या काट्यावर ठेवल्या. "वजन बघा, मावशी."

"वजन दिसतंय. पत्रा हाय का?"

"अशा पाटल्या आता कोण बनवतंय? शेवटचा जोड राहिलाय."

अकरा हजार मोजून पुतळी गेली. त्या जोडाचं पार्सल कुरिअरवाल्याने माझ्याच दुकानात ठेवलं होतं. वरच्या बिलावर सहाशे लिहिलेले.

आता हरेशचं नशीब बघा. अख्ख्या तालुक्यातून त्याने फसवायला निवडली ती मिठागरातली बाई. तिच्या सासूची रीत अशी, की नवा डाग, म्हणजे दागिना, घरात आला की आगरातल्या दाट खाऱ्या पाण्यात दोन दिवस बुडवायचा, मगच अंगाला लावायचा. सासूच्या पत्र्याच्या पाटल्या त्या पाण्यात चाळीस वर्षं टिकल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पुतळी लोणच्याची बरणी घेऊन दुकानात शिरली. हळद चार दिवसांवर. तिने बरणी काउंटरवर आदळली. पाणी हिरवट झालेलं, आणि तळाला पाटल्या, बैलाच्या गळ्यातल्या जुन्या घुंगरांसारख्या.

दुकानात तेव्हा हलीमाबी होत्या, भाच्यांसाठी सेट निवडत. मी दारात. अशा वेळी माझं काम नेमकं दारातच असतं.

"मावशी, मी सोनं म्हणालो का? आठवा," हरेश म्हणाला.

"नाय म्हणालास. तीच तर चलाखी. आता म्हण. हाय का नाय?"

"तसं प्रत्येक धातूला जपावं..."

"जपावं नको सांगू, मेल्या! एक शब्द. हाय का नाय? मला चौथ्या दिवशी मांडवात उभं राहायचंय."

हरेशने काट्याकडे बघितलं, देवाच्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही तिघांनीही मदत केली नाही.

"नाय," तो म्हणाला. इतक्या हळू, की हलीमाबींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास? मोठ्यांदा बोल, बाबा."

"नाय म्हटलं ना! मुलामा हाय!"

हलीमाबी शांतपणे म्हणाल्या, "अरे, मग मुलामाच सांग की. आमच्या लेकाने, मुरादने, कतारवरनं खरं सोनं पाठवलंय, ते कपाटात असतं. घरात रोजच्याला मुलामाच लागतो. आधीच बोलला असतास तर चार सेट नेले असते." हातातला सेट त्यांनी ठेवून दिला आणि चपला घातल्या.

पैसे परत देताना हरेश म्हणाला, "माणुसकी म्हणून देतोय हां." पुतळीने नोटा कमरेला खोचल्या. बरणी तिथेच राहू दिली.

त्याच पैशांत तिने सोनारआळीतून कानातल्या बारीक रिंगा घेतल्या, पावतीसकट. हळदीला मीही गेलो होतो. व्याहीण हात बघत होती. पुतळीने मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पाटल्या नाय जमल्या. ह्या रिंगा हायत, आन सोन्याच्या हायत." व्याहीण जरा हिरमुसली, आणि जेवायला बसली. सून मात्र दिवसभर कान चाचपत होती.

हरेशने यातून धडा घेतला. दुसऱ्याच दिवशी दारावर ठळक अक्षरांत पाटी लागली: "दुकानात बरणी आणण्यास सक्त मनाई आहे."