धूमकेतू झालेला मोटेचा बैल

“साहेब, हलू नका. सूर्य जागचा हलत नसतो,” मी इन्स्पेक्टर साहेबांना म्हणालो.

साहेब शाळेच्या मैदानात सूर्य होऊन उभे होते. समोरच्या टोकाला, बाभळीखाली, धूमकेतू रवंथ करत होता. धूमकेतू म्हणजे बाबाराव नानांचा बैल, चांद्या.

आष्टीच्या शाळेत मी तेव्हा सायन्सचा टेम्पररी मास्तर होतो. राज्य बदललं होतं, शाळा उर्दूतून मराठीत आली होती, हेडमास्तर मात्र अजून निम्मे उर्दूतच होते. इन्स्पेक्टर साहेब माझा एक पाठ बघणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होते. नुकतंच माझं लग्न झालं होतं. “होईल की कायम,” एवढ्या माझ्या शब्दावर सासऱ्यांनी मुलगी दिली होती.

“कोणता सबक घेताय?” हेडमास्तरांनी विचारलं.

“धूमकेतू, सर. थोड्या वर्षांनी परत येणारा.”

“अच्छा, दुमदार सितारा! मंग पोरांना दुम दाखवा, खरीखुरी शेपटी. फळ्यावर खडूचा ओरखडा बिलकुल चालणार न्हाई.”

आता थोडं शास्त्र. काही धूमकेतू एकदा दिसले की शेकडो वर्षं तोंड दाखवत नाहीत. काही मात्र चार-सहा वर्षांत सूर्याला फेरी मारून येतात. त्यांना अल्पमुदतीचे म्हणतात. त्यांची वाट गोल नसते, काकडीसारखी लांबट असते. सूर्य मधोमध नसतो, एका टोकाजवळ असतो. दुसरं टोक पार गुरूच्या आसपास. मैदानात दोन खुंट्या ठोकून, दोरी अडकवून मी चुन्याच्या फक्कीने तशी वाट आखली. एका खुंटीवर स्टूल ठेवलं. तो सूर्य.

अडचण शेपटीची होती. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, कारण सूर्याकडून येणारा रेटा तिला मागे लोटतो. म्हणजे धूमकेतू सूर्यापासून लांब जाताना शेपटी पुढे आणि तोंड मागे. असा उलटा चालणारा, शेपटीवाला प्राणी आणायचा कुठून?

विहिरीवर मोट चालताना बघितली आणि डोक्यात उजेड पडला. मोटेचा बैल भरली मोट ओढत धावेच्या उतारावर सरळ पुढे जातो, पाणी ओतलं की उलट्या पावली विहिरीकडे येतो. मी नानांकडे गेलो.

“नाना, तुमचा बैल शाळेत पाहिजे.”

“आता बैलाला शिकिवता का मास्तर? पोरं सरली का काय?”

“उलटा चालायला पाहिजे. तोंड सूर्याकडं.”

“त्याची चिंताच करू नका. मागं चालण्यात चांद्यावानी बैल तालुक्यात न्हाई.”

तालीम झकास झाली. चांद्या बाभळीपासून निघाला, तोंड सूर्याकडे ठेवूनच त्याला वळसा घातला, उलट्या पावली बाभळीखाली पोचला. तिथे तालीम संपली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाठाच्या दिवशी हेडमास्तरांनी अदबीने स्टूल बाजूला केलं. “सूर्याच्या जागी साहेबच शोभतील.” साहेबही खूश होऊन उभे राहिले. पहिली फेरी बिनचूक झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी कायम झालोच होतो.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “मास्तर, हा अल्पमुदतीचा ना? मग परत यायला हवा.”

“आणतो, साहेब.”

दुसऱ्या फेरीची तालीम आम्ही केलीच नव्हती. चांद्याच्या हिशेबाने तो उलट्या पावली विहिरीवर आला होता. आता मोट भरली. आता नाकासमोर जोर लावून जायचं.

त्याने मान खाली घातली आणि फक्कीच्या रेघेकडे न बघता सरळ सूर्याच्या दिशेने निघाला. नानांच्या हातातून कासरा सुटला.

“चांद्याऽ! अरे, शाळा हाय ती!”

“जल्दी हटा, साहेब!” हेडमास्तर स्टुलावर चढून ओरडले.

सूर्य पळाला. चांद्या बरोबर सूर्याच्या खुंटीवर येऊन थांबला, कारण मोटेवरची त्याची धाव तेवढीच होती. साहेबांना त्याच्या शिंगांपेक्षा मागची बाजू सुरक्षित वाटली. ते वळसा घालून तिकडे गेले. चांद्याने नेमकी तीच वेळ साधून शेपटी वर केली आणि शेण टाकलं. साहेबांचे बूट नवे होते.

साहेब बुटांकडे बघत म्हणाले, “मास्तर, हेही पाठात आहे?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आहे, साहेब. सूर्याजवळ आला की धूमकेतूतलं द्रव्य सुटतं. पुस्तकात आहे.”

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

बूट धुऊन साहेब वर्गात आले. चेहरा कोरा. पहिल्या बाकावरच्या पोराला त्यांनी उठवलं. “धूमकेतूची शेपटी कुठल्या बाजूला असते?”

“सूर्याच्या उलट्या बाजूला, साहेब. नेहमीच.”

“नक्की?”

“व्हय साहेब. धूमकेतू बराबरच व्हता. सूर्यच शेपटीकडं गेल्ता.”

साहेब आधी खोकले. मग रुमाल तोंडावर धरला. मग रुमालाचाही उपयोग होईना.

मी कायम झालो. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘पाठ परिणामकारक. जनावर वापरू नये.’ मी त्यातून इतकंच शिकलो की बैल आणण्याआधी तो रोज काय काम करतो ते नीट विचारावं, आणि पाठ बघायला आलेल्या साहेबांना खुर्चीतच बसू द्यावं.